साखरेचा वाडगा आणि २ जानेवारी

२ जानेवारी १९५६, न्यू ऑर्लिन्स. सामन्याचा अजून पहिलाच क्वार्टर चालू आहे. जॉर्जिया टेकच्या क्वार्टरबॅकने एंड झोनकडे लांब पास फेकला. बॉल त्याच्या साथीदाराच्या डोक्यावरून पार निघून गेला. पण त्या साथीदाराला अडवायला धावलेल्या पिट्सबर्गच्या खेळाडूविरुद्ध पंचाने फाउल दिला. पास इंटरफिअरन्स! नियमाप्रमाणे बॉल थेट एक यार्डाच्या रेषेवर आणून ठेवला गेला, आणि तिथून क्वार्टरबॅक स्वतःच मुसंडी मारून आत घुसला. टचडाउन. ७-०. सामना संपला तेव्हाही धावफलकावर ७-० च होते.

ज्याच्या नावावर तो फाउल लागला त्या खेळाडूचं नाव बॉबी ग्रीअर. मला मागून ढकललं गेलं, असं त्याचं म्हणणं होतं. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये तो रडला. पुढे फिल्म पाहणाऱ्या बऱ्याच जणांना त्यात फाउल काही दिसला नाही. आता पंचांचे चुकीचे निर्णय ही काही नवलाची गोष्ट नाही. एलबीडब्ल्यूच्या निर्णयांवर वर्षानुवर्षं भांडत आलेल्या आपल्या लोकांना तर अजिबातच नाही. पण शुगर बाऊलमध्ये मैदानात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे हा ग्रीअर. आणि त्याने खेळू नये म्हणून महिनाभर आधी एका राज्याच्या गव्हर्नरने जंग जंग पछाडलं होतं. त्या सगळ्या प्रकारानंतर सामन्याचा निकाल ठरवणारा एकमेव फाउल नेमका त्याच्याच नावावर लागावा!

पण ही गोष्ट नीट सांगायची तर थोडं मागून सुरुवात करायला हवी.

अमेरिकेत ऑनसाइट राहून आलेल्या मंडळींनी १ जानेवारीला टीव्हीवर दिवसभर चाललेले फुटबॉलचे सामने पाहिले असतील. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट बॉल हातात घेऊन, एकमेकांवर आदळत खेळायचा अमेरिकन प्रकार. त्यातही हे कॉलेज फुटबॉल. आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हटला की चार मित्र, दोन शिपाई आणि एक चहावाला एवढे प्रेक्षक. तिकडे लाखभर माणसं बसतील अशी विद्यापीठांची स्टेडियम्स आहेत. सप्टेंबर ते डिसेंबर नेहमीचा सीझन चालतो आणि तो संपल्यावर चांगल्या संघांना निमंत्रण देऊन जे खास सामने होतात त्यांना म्हणतात बाऊल. शब्दशः वाडगा.

वाडगाच का? तर १९१४ साली येल विद्यापीठाने वाडग्याच्या आकाराचं एक स्टेडियम बांधलं आणि त्याला येल बाऊल म्हणू लागले. कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावात नववर्षाच्या दिवशी फुलांची मिरवणूक निघायची. त्या उत्सवाला जोड म्हणून १९०२ साली त्यांनी फुटबॉलचा एक सामना ठेवला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, स्टॅनफर्डने वेळ संपायच्या आतच हात टेकले, आणि आयोजकांनी हिरमुसून पुढची काही वर्षं फुटबॉलऐवजी चक्क रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ साली फुटबॉल परत आला. १९२२ साली येलच्या धर्तीवर स्टेडियम बांधलं, त्याचं नाव ठेवलं रोझ बाऊल, आणि स्टेडियमचं नाव सामन्यालाच चिकटलं. हिवाळ्यात बर्फाने गारठलेले लोक उन्हासाठी आपल्या गावात यावेत, हॉटेलं भरावीत, हा उत्सवामागचा सरळ हिशोब. तो जमला. मग इतर उबदार गावांना वाटणारच ना, की आपलाही एक वाडगा असावा!

न्यू ऑर्लिन्समध्ये ही कल्पना १९२७ पासून घोळत होती. 'न्यू ऑर्लिन्स आयटम' या वर्तमानपत्राचा प्रकाशक जेम्स थॉमसन आणि त्याचा क्रीडा संपादक फ्रेड डिग्बी हे दोघे तिच्या मागे होते. डिग्बी वर्षानुवर्षं त्याबद्दल लिहीत राहिला. पण पैसे कोण घालणार? मध्येच महामंदी आली. गंमत बघा, चांगल्या दिवसांत जे जमलं नाही ते वाईट दिवसांत जमलं. गावाला गिऱ्हाईक हवं होतं. १९३४ साली गावातल्या प्रतिष्ठितांनी एक हौशी संस्था काढली, वर्गणी गोळा केली आणि सामना ठरवला. 'शुगर बाऊल' हे नाव डिग्बीचंच. लुइझियाना म्हणजे उसाचा मुलूख. ट्युलेन विद्यापीठाच्या ज्या स्टेडियमवर सामना होणार होता त्याच भागात १७९५ साली एतिएन द बोरे या मळेवाल्याने उसाच्या रसापासून दाणेदार साखर काढून दाखवली होती आणि तिथून तिथला साखरेचा धंदा उभा राहिला. तो धंदा गुलामांच्या मेहनतीवर चालायचा, हे अर्थात सामन्याच्या जाहिरातीत कुणी छापलं नाही. विजेत्याला द्यायला एक खराखुरा वाडगाही मिळाला: १८३० साली लंडनमध्ये घडवलेलं चांदीचं भांडं, गावातल्याच एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने दिलेलं.

१ जानेवारी १९३५ ला पहिला सामना झाला. घरच्या ट्युलेनने फिलाडेल्फियाच्या टेम्पलविरुद्ध ०-१४ अशा पिछाडीवरून २०-१४ असा विजय मिळवला. सुमारे २२ हजार प्रेक्षक आले. त्याच दिवशी मायामीत ऑरेंज बाऊलही सुरू झाला, म्हणजे हा एकट्या न्यू ऑर्लिन्सचा विचार नव्हता. पुढे गर्दी इतकी वाढली की १९४७ पर्यंत स्टेडियमची क्षमता ८० हजारांवर नेली गेली. मंदीत वर्गणी काढून सुरू केलेल्या प्रकल्पाने बारा वर्षांत एवढं स्केल-अप करणं म्हणजे खायची गोष्ट नाही.

पण हे स्टेडियम दक्षिणेत होतं. दक्षिणेत शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. आणि मैदानावर? तिथे लेखी नियमाची गरजच पडत नसे. उत्तरेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर दक्षिणेच्या संघाविरुद्ध त्याला बाहेर बसवायचं, असा दोन्ही बाजूंचा 'सभ्य गृहस्थांचा करार' असायचा. अगदी असंच म्हणायचे त्याला! १ जानेवारी १९४१ च्या शुगर बाऊलमध्ये बॉस्टन कॉलेजने टेनेसीला १९-१३ असं हरवलं. बॉस्टनच्या संघात लू माँटगोमेरी नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्याला खेळवलं नाही. आदल्या वर्षीच्या कॉटन बाऊलमध्येही नाही. म्हणजे निमंत्रण मिळालं, चांदीचा वाडगा मिळाला, उत्तरेत परत गेल्यावर जंगी स्वागतही झालं असेल. किंमत मोजली ती एकट्या माँटगोमेरीने. वंशभेद हा फक्त दक्षिणेचा रोग होता असं समजायचं कारण नाही. उत्तरेच्या मंडळींना निमंत्रण तत्त्वापेक्षा प्यारं होतं.

१९५५ साली नेमकं हेच बदललं. पिट्सबर्ग विद्यापीठाला (सगळे त्याला पिट म्हणतात) शुगर बाऊलचं निमंत्रण आलं. समोर अटलांटाचं जॉर्जिया टेक. पिटच्या संघात ओहायोतल्या मॅसिलन गावचा बॉबी ग्रीअर होता. पिटने सांगून टाकलं की आमचा सगळा संघ एकत्र प्रवास करेल, एकत्र राहील, एकत्र जेवेल आणि एकत्र खेळेल. आमच्या प्रेक्षकांच्या भागात बसायच्या जागांचा वंशभेद चालणार नाही. कॅम्पसवर घोषणा झाली, ग्रीअर नाही तर सामना नाही. शुगर बाऊलवाल्यांनी हे मान्य केलं. जॉर्जिया टेकनेही मान्य केलं. सगळं ठरलं, तिकिटं विकली गेली. आता फक्त खेळायचं.

आणि २ डिसेंबरला जॉर्जियाचा गव्हर्नर मार्विन ग्रिफिन मध्ये पडला. तारखेकडे लक्ष द्या. आदल्याच संध्याकाळी, १ डिसेंबर १९५५ ला, शेजारच्या अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला होता आणि त्यांना अटक झाली होती. शाळांतला वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४ चा, म्हणजे जेमतेम दीड वर्षापूर्वीचा. ग्रिफिन निवडून आला होता तोच वंशभेद टिकवण्याच्या आश्वासनावर. त्याने विद्यापीठांच्या नियामक मंडळाला तार केली. तिचा मतितार्थ असा, की दक्षिणेसाठी ही निर्वाणीची लढाई आहे. खेळाच्या मैदानात वंश मिसळणं आणि शाळेच्या वर्गात मिसळणं यात काहीही फरक नाही. एकदा बांध फुटला की सगळं वाहून जाईल. जॉर्जियाच्या संघांना अशा सामन्यांत खेळू देऊ नका.

मला या तारेतलं एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं हास्यास्पद वाटतं. ते एक वाक्य मात्र खरं होतं. मैदान आणि वर्ग यात खरंच फरक नाही. गव्हर्नरला जे कळलं होतं ते खेळाला 'फक्त खेळ' म्हणणाऱ्या बऱ्याच भल्या माणसांना कळलेलं नव्हतं. तो फक्त नको त्या बाजूला उभा राहून ते सांगत होता.

पुढे जे झालं ते ग्रिफिनच्या स्वप्नातही नसेल. जॉर्जिया टेक म्हणजे तेव्हा निव्वळ गोऱ्यांचं इंजिनीअरिंग कॉलेज. तिथे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आले ते १९६१ साली. तर त्या गोऱ्या पोरांनी त्याच रात्री गव्हर्नरचे पुतळे जाळले आणि हजारोंच्या संख्येने अटलांटाच्या रस्त्यांवरून त्याच्या घरावर मोर्चा नेला! आपण इंजिनीअरिंगवाले, त्यामुळे हे वाचून ऊर भरून येणं साहजिक आहे. पण जरा थांबा. ही पोरं समतेसाठी रस्त्यावर आली होती असं म्हणणं धाडसाचं होईल. त्यांना सामना हवा होता. आपला संघ शुगर बाऊलमध्ये जातोय, न्यू ऑर्लिन्सला जायचे बेत झालेत, आणि एक राजकारणी आयत्या वेळी खोडा घालतोय, हा राग होता. ग्रीअर त्यांच्यासाठी समोरच्या संघातला एक खेळाडू होता, बस्स. आता विचार केला तर वाटतं, 'बस्स' हेच महत्त्वाचं. गव्हर्नर ज्याला जगबुडी म्हणत होता ती गोष्ट विशीतल्या पोरांना सामना रद्द करण्याइतकी मोठी वाटली नाही.

टेकचे अध्यक्ष ब्लेक व्हॅन लीअर यांनी मात्र विचारपूर्वक बाजू घेतली. दिलेला शब्द मोडायचा असेल तर दुसरा अध्यक्ष शोधा, अशी त्यांची भूमिका होती. ५ डिसेंबरला नियामक मंडळाची बैठक झाली आणि बहुमताने ठरलं की संघ जाईल. पण हा निर्णय पुरता वाचला पाहिजे, कारण त्यात एक पोटकलम होतं. राज्याबाहेर खेळताना तिथल्या पद्धतीप्रमाणे खेळा, जॉर्जियाच्या हद्दीत मात्र वंशभेद तसाच राहील. म्हणजे न्यू ऑर्लिन्सपुरती सूट. आपल्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून एका क्लायंटसाठी वर्कअराउंड. व्हॅन लीअर त्याच जानेवारी महिन्यात हृदयविकाराने गेले.

सामना झाला तो १ तारखेला रविवार होता म्हणून २ तारखेला. ग्रीअर खेळला. पिटकडून सर्वांत जास्त यार्ड तोच धावला. आणि तो फाउलही त्याच्याच नावावर लागला. पंचाने मुद्दाम केलं, असं म्हणायला आधार नाही. मुद्दाम केलं नसेल तर मला ते जास्त बोचतं. सगळ्या देशाचं लक्ष लागलेलं, एका राज्याचं सरकार आपल्या विरुद्ध, आणि बावीस वर्षांच्या पोराने एका फसव्या निकालानंतर उरलेले तीन क्वार्टर मान खाली न घालता खेळायचे. तो खेळला.

यानंतर 'आणि मग सगळं बदललं' असं लिहायला मला आवडलं असतं. झालं उलटच. १९५६ च्या जुलैमध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने कायदाच केला की गोरे आणि कृष्णवर्णीय यांनी एकत्र खेळायचं नाही. सामने, शर्यती, अगदी नाचाचे कार्यक्रमसुद्धा त्यात आले. आतापर्यंत जे गृहस्थांच्या करारावर चाललं होतं त्यावर सरकारी शिक्का बसला. जो कायदा आधी लागला नव्हता तो का लागला? कारण ग्रीअरनंतर अलिखित करारावर विसंबता येईना. एक माणूस येऊन खेळून गेला होता आणि आभाळ कोसळलं नव्हतं. ते पुन्हा होऊ नये म्हणून कागद लागला.

परिणाम काय? १९५७ ते १९६४ या आठ वर्षांत शुगर बाऊलमध्ये एकही उत्तरेचा संघ नाही. यादी पाहा: मिसिसिपी, लुइझियाना स्टेट, अलाबामा, आर्कान्सा, परत मिसिसिपी. गावकीतल्या गावकीत सामने. ज्या सामन्याचा जन्मच दूरच्या पाहुण्यांना हॉटेलात उतरवण्यासाठी झाला होता, त्याने दूरच्या पाहुण्यांना दार लावून घेतलं. पर्यटनावर पोट असलेल्या गावासाठी हे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणंच होतं.

तो कायदा मोडला तो जो डॉर्सी नावाच्या न्यू ऑर्लिन्सच्या एका कृष्णवर्णीय बॉक्सरने. गोऱ्या बॉक्सरांशी लढता येत नाही म्हणजे माझ्या पोटावर पाय येतो, म्हणून तो कोर्टात गेला. १९५८ साली फेडरल कोर्टाने कायदा रद्द ठरवला आणि १९५९ साली सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. फुटबॉलच्या चांदीच्या वाडग्याचं दार एका मुष्टियोद्ध्याने उघडलं, ते स्वतःच्या रोजीरोटीसाठी. पण कायदा गेला तरी सवय जायला वेळ लागतो. उत्तरेचा आणि मिश्र संघ परत आला तो थेट १ जानेवारी १९६५ ला. सिराक्यूज विरुद्ध लुइझियाना स्टेट, १०-१३. आणि त्याच जानेवारीत व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगचा ऑल-स्टार सामना न्यू ऑर्लिन्समध्ये व्हायचा होता. तिथे पोचलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सीवाले घेईनात, क्लबवाले आत सोडेनात. त्यांनी एकजुटीने बहिष्कार घातला आणि सामनाच उचलून ह्यूस्टनला नेला गेला. नऊ वर्षांपूर्वी प्रश्न होता ग्रीअरला खेळू द्यायचं का. आता खेळाडू ठरवत होते की तुमच्या गावात आम्ही खेळायचं का. या शहराला समजणारी भाषा ही होती.

त्यानंतरची कथा तुलनेने परिचित आहे: पैसा, छप्पर आणि टीव्ही. १९७५ साली सुपरडोम नावाचं अवाढव्य बंदिस्त स्टेडियम तयार झालं आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला सामना तिथे गेला. १९८० च्या दशकाच्या शेवटी एका विमा कंपनीचं नाव सामन्याच्या नावाआधी लागलं. मग १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००६ पर्यंत तो होता नोकिया शुगर बाऊल. हो, तीच नोकिया, जिच्या फोनवर आपण कॉलेजात असताना लेक्चरच्या मागच्या बाकावर साप खेळवत होतो. :) २००७ पासून पुन्हा दुसरी विमा कंपनी, ऑलस्टेट.

आता थोडं विषयांतर, पण आपल्या धंद्यातलं आहे म्हणून सांगतोच. १९९८ पासून राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यातले दोन संघ ठरवायला मतदानाबरोबर कम्प्युटरच्या क्रमवाऱ्या वापरू लागले. २००३ च्या सीझनला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या, दोन्ही मतदानांत पहिलं होतं. पण सूत्रात सगळं घातल्यावर आलं तिसरं! पहिला कोण? तर नुकताच आपल्या विभागाचा अंतिम सामना ७-३५ असा हरून आलेला ओक्लाहोमा. त्यामुळे ४ जानेवारी २००४ च्या शुगर बाऊलमध्ये ओक्लाहोमा विरुद्ध लुइझियाना स्टेट अशी अंतिम लढत झाली, ती लुइझियानाने २१-१४ अशी जिंकली, आणि पत्रकारांनी तरीही सदर्न कॅलिफोर्नियालाच विजेता ठरवलं. एका वर्षाचे दोन विजेते. पुढे २०१० साली या कम्प्युटर क्रमवाऱ्यांपैकी एकीत एका सामन्याचा निकाल भरायचाच राहून गेल्याचं उघडकीला आलं आणि दोन संघांच्या जागा बदलाव्या लागल्या. सहांपैकी फक्त त्याच एका क्रमवारीचं सूत्र जाहीर होतं, म्हणून ती चूक सापडली. बाकी पाचांत काय होतं देव जाणे. कोड रिव्ह्यूचं महत्त्व आणखी कसं सांगायचं? २०१४ च्या सीझनपासून ही पद्धत जाऊन निवड समिती आणि बाद फेरी आली, आणि शुगर बाऊल त्या बाद फेरीचा एक टप्पा झाला.

एवढ्या सगळ्या पैशात मैदानावर धडका घेणाऱ्या पोरांचा वाटा किती? दीर्घकाळ उत्तर होतं, शिष्यवृत्ती, आणि वर काही नाही. ते विद्यार्थी-खेळाडू आहेत, कामगार नाहीत, हा युक्तिवाद. हा 'विद्यार्थी-खेळाडू' शब्दही १९५० च्या दशकातलाच. कोलोरॅडोत १९५५ साली रे डेनिसन नावाचा कॉलेज खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती नाकारली. राष्ट्रीय संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं की असे दावे टाळण्यासाठीच हा शब्द रुजवला होता. ग्रीअर ज्या वर्षी खेळला त्याच काळात हे चाललं होतं. कुणी खेळायचं हा प्रश्न सुटायला १९६५ उजाडलं; खेळणाऱ्याला काय मिळणार हा प्रश्न आणखी पन्नास-पंचावन्न वर्षं तसाच राहिला. २०२१ साली सुप्रीम कोर्टाने संघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवायची मोकळीक मिळाली. २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीने विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. यामुळे खेळाचा आत्मा हरवला अशी हळहळ ऐकू येते. हळहळणाऱ्यांपैकी कुणी मंदीत हॉटेलं भरण्यासाठी काढलेल्या सामन्याच्या आत्म्याचा पत्ता सांगितला तर बरं होईल.

असो. परत २ जानेवारीकडे येऊ.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरीना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. सुपरडोमच्या छपराचे तुकडे उडाले आणि आत हजारो माणसं, बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय, कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून कोंडली गेली. त्या सीझनचा शुगर बाऊल गावात होणं शक्यच नव्हतं. तो नेला कुठे? अटलांटाला. त्याच अटलांटाला, जिथून गव्हर्नर ग्रिफिनने आपल्या पोरांनी न्यू ऑर्लिन्सला जाऊ नये म्हणून तार केली होती. तारीख होती २ जानेवारी २००६. बरोबर पन्नास वर्षं, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. वेस्ट व्हर्जिनियाने घरच्या जॉर्जिया विद्यापीठाला ३८-३५ असं हरवलं. सामनावीर ठरला वेस्ट व्हर्जिनियाचा कृष्णवर्णीय धावपटू स्टीव्ह स्लेटन, २०४ यार्ड. त्या सामन्यात कोण कोणत्या वर्णाचं आहे हा विषयच नव्हता. ग्रिफिनची भीती अगदी शब्दशः खरी ठरली होती, आणि तेही त्याच्याच राजधानीत.

आणि तिसरी २ जानेवारी. २०२५ चा सामना ठरला होता १ तारखेच्या संध्याकाळी, नोत्र दाम विरुद्ध जॉर्जिया. त्या पहाटे न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर नववर्षाच्या गर्दीत एका हल्लेखोराने ट्रक घुसवला. १४ माणसं मेली. त्यात एक माजी कॉलेज फुटबॉलपटूही होता. सामना एक दिवस पुढे ढकलला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक तपासणीच्या रांगांतून सुपरडोममध्ये आले, स्तब्धता पाळली गेली आणि सामना झाला. नोत्र दाम २३, जॉर्जिया १०. इतक्या लवकर खेळायला हवं होतं का, यावर वाद झाले. मला दोन्ही बाजू पटतात. हे गाव पाहुण्यांवर जगतं आणि त्या रस्त्यावर मेले ते बरेचसे पाहुणेच होते. खेळ थांबवणंही क्रूर, खेळवणंही क्रूर. जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक होते मार्कस फ्रीमन, ज्यांचे वडील कृष्णवर्णीय आणि आई कोरियन. पुढे ते राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचलेले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

बॉबी ग्रीअरला हे पाहायला मिळालं नाही. तो आधीच्याच वर्षी, २०२४ च्या उन्हाळ्यात, ९१ व्या वर्षी गेला. फुटबॉलनंतर त्याने हवाई दलात नोकरी केली, मग पिट्सबर्गमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात प्रशासनाचं काम केलं. २०१९ साली शुगर बाऊलने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. सत्कार झाला, कौतुक झालं, सगळं यथासांग.

तो फाउल मात्र रेकॉर्डमध्ये तसाच आहे. सत्तर वर्षांपूर्वीचा पंचाचा निर्णय काही कुणी रोलबॅक करत नाही. जॉर्जिया टेक ७, पिट ०. पण त्या सामन्याच्या नोंदीत खेळाडूंच्या यादीत ग्रीअरचं नाव आहे. माँटगोमेरीचं १९४१ च्या यादीत नाही.